आवाज कसा होता?

"खाली या," ओझरकर सर फोनवर म्हणाले, आणि समोरच्या मॉनिटरवर बातम्या सांगणारा माझा भाऊ हात वर उचललेला असतानाच नाहीसा झाला.

कंट्रोल रूममध्ये आम्ही तिघं होतो. ओझरकर सर, फ्रान्सिस डाबरे आणि मी. भावाचा पडदा काळा झालेला फक्त मी पाहिला. बाकी दोघांचे डोळे शेजारच्या पडद्यावर होते. आमच्या उपग्रहावरून खाली येणारे सगळे सिग्नल त्या पडद्यावर उंचवट्यांसारखे दिसायचे, आणि त्यातल्या एका मोठ्या उंचवट्यावर गेले दहा दिवस सकाळ-संध्याकाळ एक बारीक शेंडी उगवत होती. भाऊ गेला आणि त्याच्याबरोबर शेंडीही गेली.

"सापडला चोर," सर म्हणाले. मिनिटभर थांबून त्यांनी फोनवर "या आता वर" असं सांगितलं. श्रीपाद पुन्हा पडद्यावर आला. मधल्या मिनिटात काय घडलं हे त्याला ठाऊकच नव्हतं, त्यामुळे तो मजेत कुठल्याशा धरणाच्या पाण्याबद्दल सांगत होता.

ही गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची. व्योमसेतू ही तेव्हा लहानशी खासगी कंपनी होती. वर तीन उपग्रह, आणि भोरच्या पुढे एका उघड्या पठारावर त्यांची निगा राखणारं आमचं केंद्र. उपग्रहात पट्टे असतात आणि ते आम्ही चॅनलवाल्यांना भाड्याने द्यायचो. चॅनल आपला सिग्नल वर पाठवतं, उपग्रह तो अख्ख्या देशावर खाली सोडतो. नियम एकच, पण कडक. आपल्या मनाने कुणी वर यायचं नाही. आधी आम्हाला फोन करायचा, "वर येऊ का?" मग आम्ही पडद्यावर नजर ठेवून म्हणायचं, "या, हळूहळू या." आणि आम्ही "खाली या" म्हटलं की खाली यायचं. माझ्या नोकरीचं वर्णन ऐकून आई म्हणाली होती, एवढं शिकून लिफ्टमन झालीस होय.

शेंडी ज्या उंचवट्यावर बसत होती तो लोकघोष न्यूजचा होता. लोकघोष म्हणजे आमचा सगळ्यांत मोठा भाडेकरू. ऐन बातम्यांच्या वेळी त्यांचं चित्र फुटायचं, निवेदकाच्या तोंडाचे चौकोन व्हायचे. आठवडाभरात बंदोबस्त झाला नाही तर आम्ही दुसऱ्या कंपनीकडे जातो, असं त्यांनी स्वच्छ कळवलं होतं. अशा वेळी संशय शेजाऱ्यांवर जातो. कुणाची तरी यंत्रणा बिघडलेली असते आणि त्याचा सिग्नल शेजारच्या पट्ट्यात सांडत असतो. ज्याचा सांडतो त्याला स्वतःला काहीच त्रास होत नाही, म्हणून पत्ताही लागत नाही. मग एकच उपाय उरतो. आजूबाजूच्या एकेकाला मिनिटभर खाली यायला सांगायचं आणि कुणाच्या खाली येण्याने घाण जाते ते बघायचं.

त्या मंगळवारी सकाळी आम्ही तेच करत होतो. चार शेजारी झाले, शेंडी हलली नाही. पाचवं चॅनल 'खूण'.

खूण हे कर्णबधिरांचं चॅनल होतं. पुण्यातल्या एका बंगल्यात दोन खोल्या, कुणीकुणी देणगी म्हणून दिलेली जुनी यंत्रं, आणि पडद्यावर नुसते हात. श्रीपाद, माझा मोठा भाऊ, तिथे सकाळ-दुपारच्या बातम्या सांगायचा. तो जन्मापासून बहिरा. तिशी उलटेपर्यंत कुडाळला बाबांच्या मित्राच्या औषधाच्या दुकानात खोकी फोडत होता, आणि गिऱ्हाईक आलं की त्याला मागच्या बाजूला पाठवत. खूणची नोकरी त्याने स्वतः शोधली. घरी त्याने ती सांगितली तेव्हा बाबांना वाटलं, तिथेही खोकीच फोडायची असणार.

डाबरे वयाने सरांपेक्षा मोठे, वसईचे, मोजकं बोलणारे. तेवढे एकटे म्हणाले, "सर, खूण तर आता परत वर आलंय. मग शेंडी परत का नाही आली?"

"जुनी यंत्रं. कुठेतरी जोड सैल असणार, बंद-चालू केल्यावर तात्पुरता बसला," सर म्हणाले. "संध्याकाळी परत येते का नाही बघा."

संध्याकाळी ती परत आली. झालं, सरांच्या दृष्टीने विषय संपला. शुक्रवारी दुपारी बारा वाजता खूणने खाली यायचं आणि नवी यंत्रणा बसवल्याशिवाय वर यायचं नाही, असं ठरलं. नवी यंत्रणा घेणं त्यांना या जन्मी जमणार नव्हतं, हे सरांनाही माहीत होतं आणि मलाही.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, पण तोंड उघडायच्या आत सरच बोलले. माणूस वाईट नव्हता, म्हणून तर जास्त राग आला.

"हर्षदा, तू यात पडू नकोस. तू बोललीस तर लोक म्हणतील भावासाठी बोलतेय. अगदी खरं बोललीस तरी तेच म्हणतील." मग म्हणाले, "शुक्रवारी तुझी ड्यूटी आहे. बदलून देऊ?"

मी नको म्हटलं. कुणीतरी परक्याने त्याला खाली बोलावण्यापेक्षा मीच बोलवीन, असा काहीतरी वेडगळ विचार तेव्हा डोक्यात होता.

बुधवारी सुट्टी होती. पुण्याला त्याच्या खोलीवर गेले तर हा शर्टांना इस्त्री करत बसलेला. तीन शर्ट, तिन्ही गडद निळे, बिनानक्षीचे. हातांनी बोलणाऱ्याच्या अंगावर चौकडी असली की बघणाऱ्याचे डोळे दुखतात, म्हणून त्याचे कामाचे सगळे शर्ट तसलेच. मला पाहून त्याने इस्त्री उभी केली आणि तर्जनी नाकाखालून सर्रकन ओढली.

ते माझं नाव. बहिऱ्या माणसांत प्रत्येकाला एक खुणेचं नाव असतं, आणि ते बहिरं माणूसच ठेवतं. लहानपणी माझं नाक बारा महिने गळायचं. श्रीपादने सहाव्या वर्षी माझं बारसं करून टाकलं ते कायमचं. त्याच्या सगळ्या मित्रमंडळीत मी अजूनही शेंबडी म्हणूनच ओळखली जाते, आणि मोठमोठी सभ्य माणसं मला भेटल्यावर आदराने नाकाखालून बोट ओढतात.

शुक्रवारचं त्याला कळलं होतं. चॅनल चालवणाऱ्या बाईंनी सगळ्यांना बसवून सांगितलं होतं. तरी त्याने माझ्याकडून सगळं पुन्हा ऐकून घेतलं, म्हणजे हातांनी. बाईंनी दोन तंत्रज्ञ आणून सगळे जोड तपासले होते, त्यांना काही सापडलं नव्हतं. आम्हाला दोष द्यायला हरकत नाही, तो म्हणाला, पण तो दाखवा तरी.

मग त्याने इस्त्री बंद केली. "बार्शीचे एक आजोबा आहेत," तो म्हणाला. "आमचं चॅनल येण्याआधी त्यांना बातम्या संध्याकाळी मुलगा घरी आल्यावर कळायच्या. मुलगा दमलेला असला तर दुसऱ्या दिवशी. त्यांना शुक्रवारी काय सांगून जाऊ?"

मला तो पुन्हा कुडाळच्या दुकानात, मागच्या बाजूला खोकी फोडताना दिसायला लागला आणि रडू यायला लागलं. त्याने ते पाहिलं आणि विषय बदलला. लहानपणापासून त्याची एक खोड होती. ओठ हलले, भांडं पडलं, कुणी दचकलं की तो मला विचारायचा, आवाज कसा आहे? कुकरची शिट्टी कशी, मिक्सर कसा, काकू भजन म्हणते ते कसं. मला जमेल तशी उत्तरं द्यावी लागत. कुकर म्हणजे आई तुझ्यावर ओरडते तसा. काकूचं भजन म्हणजे कच्चं केळं खाल्ल्यासारखं. हे उत्तर त्याने काकूला जाऊन सांगितलं होतं आणि मार मी खाल्ला होता.

"तो जो आवाज त्यांच्या चित्रात घुसतो," त्याने विचारलं, "तो कसा आहे?"

"माहीत नाही. पडद्यावर दिसतो. शेंडीसारखा."

"ऐकला नाहीस?"

"आम्ही ऐकत नाही. आम्ही बघतो."

तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग हसायला लागला. त्याचं हसणं मोठं आहे, खालच्या मजल्यावरची माणसं बाहेर येतात. "तिघं जण," हात सावरत तो म्हणाला, "सहा कान. आणि आवाज नुसता बघत बसला आहात. ते काम आमचं." त्याने नाकाखालून बोट ओढलं. "जा, ऐकून ये. आणि मला सांग."

परतीच्या एसटीत मला स्वतःचाच राग येत होता. इतकी साधी गोष्ट. पूर्वीच्या लोकांनी पहिलं काम तेच केलं असतं. पण सगळं डिजिटल झाल्यापासून उपग्रहाच्या सिग्नलमध्ये कानाने ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि आमची ती सवयच गेली होती. घाण म्हणजे घाण, ती ऐकायची कशाला, असंच आम्ही धरून चाललो होतो.

गुरुवारी माझी दुपारची ड्यूटी होती. शेंडी संध्याकाळी येऊन गेली, पण तेव्हा सर मागेच उभे होते आणि माझी छाती झाली नाही. रात्री घरी जाताना डाबऱ्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाय, सकाळी लवकर ये. स्टोअरमध्ये जुना रिसीव्हर पडलाय. मी त्यावर क्रिकेट ऐकतो, कुणाला सांगू नको."

शुक्रवारी सकाळी आम्ही तो रिसीव्हर टेबलावर आणला, डाबऱ्यांनी डिशकडून येणारी वायर त्याला जोडली, आणि आम्ही शेंडीची वाट बघत बसलो. तिची एवढी आतुरतेने वाट मी आधी कधी पाहिली नव्हती. आदल्या रात्रीपासून मला खरोखरीची सर्दी झाली होती आणि कंट्रोल रूमचा एसी यंत्रांसाठी असतो, माणसांसाठी नसतो. साडेसातच्या सुमारास ती उगवली. मी हेडफोन कानाला लावला आणि बटण अगदी हळू फिरवत गेले. आधी नुसती खरखर. मग खरखरीच्या आत काहीतरी चढउतार. मग एकदम, विहिरीच्या तळातून यावा तसा, एका बाईचा आवाज.

"...हत्ती आज सकाळी फाटफटी तिलारीच्या बाजूक दिसले हत. काजीच्या बागेत एकट्यान जाव नकात. पोरांका संगती न्हेव नकात. फटाके लावू नकात, वनखात्याक फोन करा..."

मी खुर्चीतून उठलेच. डाबऱ्यांनी विचारलं कुठली भाषा ही. मी म्हटलं, आमची.

तो कुणाचा तरी छोटा गावचा रेडिओ होता, दहा-पंधरा किलोमीटरच्या पलीकडे ऐकू न जाणारा. काजूचा भाव, लसीकरणाची तारीख, आणि हत्ती. असा रेडिओ आमच्या उपग्रहावर पोचायचा तर एकच वाट होती. त्याच्या अगदी जवळ उभं राहून कुणीतरी वर सिग्नल पाठवत असणार, आणि त्या कुणाच्या तरी वायरीतून रेडिओ आत शिरत असणार. म्हणजे चोर पुण्यात नव्हता. पुण्यात बसून तळकोकणातले तिलारीचे हत्ती कुणाच्या वायरीत शिरत नाहीत.

"तिकडून वर येतं कोण आपल्याकडे?" डाबरे म्हणाले, आणि बोलता बोलताच थांबले. आम्ही दोघांनी मान वर करून भिंतीवरच्या टीव्हीकडे पाहिलं. तिथे लोकघोष न्यूज लागलं होतं, आणि तिलारीच्या खोऱ्यातून थेट, गेले दोन आठवडे दाखवत होते तेच, हत्ती.

लोकघोषने तिथे आपली व्हॅन कायमची उभी केली होती. डोक्यावर डिश असलेली, जागेवरूनच चित्र वर पाठवणारी. तिला आमच्या उपग्रहावर शेजारचा पट्टा आम्हीच दिला होता, आणि ती सकाळपासून रात्रीपर्यंत वरच असायची. मंगळवारी तिला मिनिटभर खाली या म्हणावं, असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं. तक्रार करणाऱ्यालाच कोण तपासतो?

सर आले तेव्हा मी एक अक्षरही बोलले नाही. हेडफोन पुढे केला. सरांनी बराच वेळ ऐकलं. मग हेडफोन काढून चष्मा पुसला आणि पुन्हा लावून ऐकलं. मालवणी त्यांना कितपत कळली कोण जाणे, पण हत्ती कळला. मग ते टीव्हीकडे वळले आणि नुसते बघत राहिले.

व्हॅनमधल्या तंत्रज्ञाला फोन लागला तेव्हा तो भडकलाच. तक्रार आमची, चित्र आमचं फुटतंय, आणि आम्हीच खाली यायचं? सरांनी आवाज चढवला नाही. कुठे उभे आहात, एवढंच विचारलं. शाळेच्या मैदानात, तो म्हणाला, तिथल्या रेडिओच्या टॉवरखाली, तेवढीच सावली आहे.

"खाली या," सर म्हणाले.

शेंडी गेली. डाबऱ्यांनी टेबलावर थाप मारली. मला वाटलं सुटलो. पण सर काही हलले नाहीत. "मंगळवारी मी एका मिनिटावर चोर धरला होता," ते म्हणाले. "आज एका मिनिटावर सोडणार नाही." त्यांनी व्हॅनला वर बोलावलं, शेंडी आली. खाली, गेली. वर, आली. तिकडचा माणूस आता वैतागून नुसता हो हो करत होता. मग सरांनी त्याला वरच राहायला सांगितलं आणि आम्ही तशीच वाट बघत बसलो, कशाची ते सरांनी सांगितलं नाही. दहाच्या ठोक्याला हेडफोनमधली बाई म्हणाली, "आता आपण सांजेक भेटूया, देव बरे करो," आणि शेंडी आपली आपण गेली.

"मंगळवारी खूणला आपण दहालाच खाली घेतलं होतं," सर म्हणाले. "रेडिओ दहाला बंद होतो." मग त्यांनी स्वतः खूणच्या बाईंना फोन लावला आणि सांगितलं की चूक आमची होती, बारा वाजता खाली यायचं नाही, आणि माफ करा. माफ करा हे त्यांनी दोनदा म्हटलं. व्हॅनमध्ये एका वायरीचा जोड अर्धवट सुटलेला निघाला. तिथल्या तंत्रज्ञाने तो आवळला, आणि संध्याकाळी रेडिओ सुरू झाला तेव्हा शेंडी आली नाही. लोकघोषवाल्यांनी त्यानंतर तक्रारही केली नाही आणि आभारही मानले नाहीत.

मी बाहेर डिशच्या सावलीत जाऊन उभी राहिले. तीन दिवस छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं होतं आणि मला एकदम सपाटून भूक लागली. श्रीपादला मेसेज केला, "खाली यायचं नाही. कधीच नाही."

त्याचं उत्तर लगेच आलं. "आवाज कसा होता?"

मी बराच विचार केला. कच्चं केळं वगैरे काही चाललं नसतं. मग लिहिलं, "आईसारखा. आपण बाहेर पडताना ती दारात उभी राहून सांभाळून जा म्हणते ना, तसा."

यावर त्याचं काही उत्तर आलं नाही.

बारा वाजता आम्ही तिघं मॉनिटरसमोर होतो. बोलावलं कुणी कुणाला नव्हतं. गडद निळा शर्ट, कडक इस्त्री. श्रीपादने नेहमीसारख्या बातम्या सांगितल्या, कुठला अर्थसंकल्प, कुठला सामना. शेवटची बातमी तिलारीच्या हत्तींची होती. त्याने नाकापासून सोंड काढली, झाडं मोडली, बागांत माणसं पळवली. डाबरे खुदकन हसले. मग सोंड संपली, आणि रोज तो नमस्कार करतो त्याऐवजी त्याने सरळ कॅमेऱ्यात बघितलं आणि नाकाखालून तर्जनी ओढली. सावकाश, अख्ख्या देशासमोर. मग नमस्कार केला.

"हे शेवटचं काय होतं?" सरांनी विचारलं. "हत्तींचंच काही?"

मी पर्स चाचपली. डोळे वाहत होते, नाकही वाहत होतं, आणि रुमाल सापडत नव्हता. डाबऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आपला रुमाल पुढे केला.

"बाय, सर्दी झाली का?"

"हो," मी म्हटलं. "लहानपणापासूनच आहे."